दहाच्या जागी तीस

मित्रांनो, मी एक जुना, जळालेला फ्यूज आहे. जळालो म्हणून मला रडू येत नाही, संताप येतो. नखाएवढं लाल प्लास्टिक, आत धातूची बारीक पट्टी आणि डोक्यावर दहाचा आकडा, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघताना मला एकच शिकवण मिळाली होती: दहा अँपियरपर्यंत वीज जाऊ दे, जास्त आली तर स्वतः तूट, पण वायर तापू देऊ नकोस.

एका घरगुती गाडीत मी एसीची राखण करत काही उन्हाळे काढले. गाडी गार झाली की शाबासकी एसीला. माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. चालायचंच.

यंदा एसीचा कॉम्प्रेसर बदलला. बदलणाऱ्याने घाईत त्याची वायर क्लिपमध्ये परत अडकवलीच नाही. ती लोंबकळत लोखंडी पट्टीवर घासत राहिली, तिचं साल निघालं आणि एका खड्ड्यात उघडं तांबं लोखंडाला टेकलं. विजेचा लोंढा आला. मी तुटलो. वायर वाचली.

आणि बक्षीस काय? मागच्या सीटवर तान्ही पोर घामोळ्यांनी किरकिरत होती. तिच्या बाबांनी मला उपटलं आणि म्हणाले, "हाच तो हरामखोर." चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या जागी त्यांनी माझाच भाऊ बसवला, तोही दहाचा. घरी पोहोचेपर्यंत तोही गेला. दोघांनी एकाच जागी जीव दिला, तर जागेलाच काही झालंय का, हे बघायला नको? छे. त्यांनी हिरवा, तीसचा फ्यूज बसवला. हवा गार झाली. बाबा शीळ घालू लागले.

उपटून मागे फेकलेला मी सीटवरच पडलो होतो. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर असताना पोरीने मला उचलून तोंडाशी नेलं, तोच तिच्या आईने मला मुठीतून सोडवलं. फेकण्याआधी तिने मला उजेडात धरलं, आकडा वाचला आणि दहाच्या जागी काय बसवलंय ते विचारलं. तीसचा, बाबा म्हणाले, दणकट आहे, सारखा जाणार नाही.

"मग आधी दहाचा कशाला ठेवला होता?"

"अगं, गार हवा येतेय ना? मग झालं. तुला सगळीकडे भुतंच दिसतात."

तिने नाक मात्र उघडं ठेवलं. पुढच्या सिग्नलला तिला जळक्या रबराचा वास आला. पुढच्या ट्रकचा असेल, बाबा म्हणाले. ट्रक वळून गेला, वास राहिला.

"गाडी बाजूला घे. आत्ता."

ती मला मुठीत आणि पोरीला छातीशी धरून उतरली, तेव्हा बॉनेटच्या फटीतून धूर निघत होता.

ओढून नेलेली गाडी इलेक्ट्रिशियन काकांनी उघडली. त्यांनी नवा फ्यूज लावलाच नाही. माझ्या रिकाम्या जागेत हेडलाइटचा जुना बल्ब जोडला आणि एसी चालू केला; वीज कुठे भलतीकडे लोखंडात पळत असेल, तर तो लख्ख पेटणार होता. बल्ब भगभगून पेटला. कॉम्प्रेसरची पिन काढली, तरी पेटलेलाच. म्हणजे दोष कॉम्प्रेसरचा नाही, वाटेतल्या वायरीचा. मग ते वायर वितीवितीने उचलत पुढे सरकले. लोखंडी पट्टीपाशी उचलली आणि बल्ब विझला. तिथे साल वितळून गोळा झालं होतं. शेजारूनच पेट्रोलची नळी गेली होती.

"तीसचा कुणी बसवला?" काकांनी विचारलं.



"यांनी," आई म्हणाली. "आणि कळल्यावरही मी तो राहू दिला."

वायर बदलली, क्लिप लागली, लाल दहाचा आला. मी आता कचऱ्यात चाललोय, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, कुणी मोठं माणूस "चालतंय ना, मग झालं" म्हणालं, तर आधीचा कशाने गेला हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडीत बसू नका. बाबा चिडतील. चिडू देत. चिडलेले बाबा घटकाभरात निवतात. पेटलेली वायर कुणाचं ऐकत नाही.