मावशीचं बदललेलं नाव

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत भाचीला नेलं ते तिथेच कामाला असलेल्या तिच्या सख्ख्या मावशीनंच. भाची मानववंशशास्त्रज्ञ व्हायला निघाली होती. म्हणजे माणसांत राहायचं, त्यांच्याबरोबर काम करायचं, ती कशी जगतात ते समजून घ्यायचं आणि मग लिहायचं. तिथल्या बायकांना आधी ती मालकाची हेरच वाटली. "माझी पोर आहे, बोला गं बिनधास्त," असं मावशी म्हणाली, तेव्हा कुठे त्यांची तोंडं उघडली.

मग त्यांनी तिला आपली युक्तीही सांगितली. वाफेनं कुणाचं डोकं गरगरायला लागलं की मावशी दोनदा खोकायची. मशीनवरची बाई लगेच चादर अडकवून मशीन बंद पाडायची. मिस्त्री येईपर्यंत सगळ्या भिंतीला टेकून बसायच्या आणि मालक मशीनला शिव्या घालत फिरायचा.

भाचीनं पुस्तक लिहिलं. शास्त्राच्या नियमाप्रमाणे माणसांची, शहराची, लाँड्रीची नावं बदलली. पुस्तक गाजलं. विद्यापीठातल्या कायमच्या जागेसाठी विभागप्रमुखांनी तिचीच शिफारस करायचं ठरवलं. मशीनचं प्रकरण तर वर्तमानपत्रातही आलं. मालकानं ते वाचलं आणि मावशीला हाकलून दिलं.

भाची धावत गेली. मावशी दार अडवून उभी होती.

"मावशी, मी नाव बदललं होतं गं!"

"नाव बदललंस आणि खोकला तसाच ठेवलास? एवढी शिकलीस ती काय झोपेत?"

"मला वाटलं, तुमची हुशारी लोकांना कळेल."

"कळली ना, मालकालाच कळली! आता त्या पोरींनी टेकायचं कुठं? जा, हेही लिही!"

दार धाडकन लागलं.

स्वतःवरच्याच रागानं भाचीच्या अंगाची लाही लाही झाली होती. ती तडक विभागप्रमुखांकडे गेली. सगळं ऐकून सरांचे डोळे चमकले.

"अगं, उत्तम! संशोधकावर चिडलेली माणसं, हे शेवटचं प्रकरण होईल. मावशी नेमकं काय बोलली? आठवतंय ना सगळं?"

आठवत होतं, याचीच तिला चीड आली. मावशी ओरडत होती तेव्हाही हिचं डोकं शब्द टिपत होतं, दारावरच्या हाताकडे बघत होतं.

"सर, ती मला ओरडली, तुमच्या विभागाला नाही. मी मालकाला सांगणार आहे, ते प्रकरण मी मनानं रचलं."

"वेड लागलंय का तुला? खोटं लिहिलं म्हणालीस तर तुला कुठलंच विद्यापीठ दारात उभं करणार नाही. आणि मीही शिफारस करणार नाही."

"नका करू."

लाँड्रीच्या कचेरीत मालक चहा पीत बसला होता. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खोकला खोटा, अडकवलेली चादर खोटी, पुस्तक खपावं म्हणून सगळं रचलं.

"तसं लिहून देशील?"

"देते."

मालक खो खो हसला. "मला वाटलंच! या बायकांना एवढं डोकं कुठलं?"

खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं आवंढ्यासारखं गिळलं आणि विचारलं,

"मग मावशीनं कामावर कधी यायचं?"