पट्ट्यातली पांढरी माती

महिपती कंत्राटदार जेवायला बसला की त्याची आई, रंगूबाई, रोज एकच प्रश्न विचारायची. "आज कुठलं गेलं रं?"

"कडंचा करंज," महिपती भाकरी कुस्करत म्हणायचा. "काल पालवी फुटली हुती, आज मान टाकली."

घरातली दुभती म्हैस गेल्यासारखं घर गप्प व्हायचं. त्याची बायको रतन तर अशा वेळी मान खाली घालून चुलीत उगाच लाकूड सारत बसायची.

बारामती गाव आणि कालवा यांच्यामध्ये पूर्वी झाडांचा एक लांबलचक पट्टा होता. प्लेगच्या साली लोकांनी गाव सोडून तिथं झोपड्या टाकल्या, जळणासाठी झाडं तोडली, आणि ज्यांना सरण मिळालं नाही त्यांना तिथंच पुरलं. तेव्हापासून पट्टा उघडाबोडका पडला. उन्हाळ्यात धुळीचे लोट थेट लोकांच्या ताटात येऊ लागले, तेव्हा कुठं म्युनिसिपालटीला जाग आली. झाडं पुन्हा लावायचं कंत्राट निघालं आणि ते महिपतीला मिळालं. त्यानं हौसेनं कडुनिंब, करंज, चिंच लावली, काट्यांचं कुंपण घातलं आणि पाणी घालायला बनाबाईला ठेवलं.

बनाबाईची सगळी माणसं त्या प्लेगात गेली होती. ती तेवढी वाचली, लोकांच्या उष्ट्यावर वाढली आणि एकटीच म्हातारी झाली. घागर रिकामी करताना ती एकेका झाडाशी बोलायची. "पी रं दादा," "पी गं माझे आये," असं तिचं चालायचं. येणारा-जाणारा ते ऐकून पाय उचलायचा.

झाडं मात्र मरत होती. भर दुपारी पट्ट्यात उभं राहिलं तर पाखराचा आवाज नसायचा. मेलेल्या रोपाच्या आळ्यात, उन्हात, काहीतरी पांढरं चकाकायचं. गावानं ठरवून टाकलं की पुरलेल्यांची हाडं पीठ होऊन वर येताहेत.

पावसाळा सरतानाच घरोघर हिवताप शिरला होता. महिपतीची लेक भिमा एकाआड एक दिवस तापानं फणफणायची. झाडं मरतात, पोरं कण्हतात, मग कुणाच्या तरी माथी खापर फोडायला नको का? गावानं ते बनाबाईच्या माथी फोडलं! चेटकीण म्हणायला एकटी बाई लागते. बनाबाईला पुढं-मागं कुणीच नव्हतं.

एके दुपारी सर्जेराव महिपतीकडे आला. आळीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

"महिपतराव, उद्या सकाळी आमी समदी पट्ट्यात येनार. ती बया आपल्या पायानं गेली तर बरं. न्हायतर धोंडं हायतच."

महिपती शिकलेला नसला तरी खुळा नव्हता. पण पोटची पोर तापात बरळत असली म्हणजे शहाण्याचंही मन डळमळतं. "मीच सांगतो तिला जायाला," तो म्हणाला.

तिन्हीसांजेला तो पट्ट्यात पोहोचला. बनाबाई कालव्यावर घागर भरायला गेली होती. तो काट्यांच्या ढिगाआड टेकला. वारा पडला होता. उजेड इतका मंद झाला होता की झाड कुठलं आणि माणूस कुठलं ते कळू नये.

तेवढ्यात गावाकडून एक आकृती आली. डोक्यावरून तोंडापर्यंत पदर ओढलेला. ती एका रोपाशी वाकली, काहीतरी टाकलं आणि ताठ मानेनं परत गेली. लगोलग दुसऱ्या बोळातून दुसरी आली. मग घोंगडं पांघरलेला एक पुरुष. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सगळी वाकत होती आणि पाठ फिरवून निघून जात होती.

महिपती ढिगाआड आणखी खाली दबला. प्लेगातली माणसं आपापल्या जागा शोधायला आली की काय?

आणखी एक आकृती निंबाच्या रोपाशी वाकली आणि त्याच्या अगदी जवळून गेली. तिच्या अंगावरचं हिरवं लुगडं त्यानं स्वतःच बाजारातून आणलं होतं.

"रतन!" तो ओरडला.

ती थांबली नाही. वळली नाही. हाक कानावर पडूनही तिची मान तसूभर हलली नाही. आपली बायको हाकेला वळत नाही, म्हणजे ही आपली बायको नव्हेच!

कसाबसा तो त्या रोपापाशी गेला. आळ्यात हात घातला तर काहीतरी खरखरीत बोटांना लागलं. घाबरून त्यानं त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला आणि जिभेला चव कळली.

मीठ! खडेमीठ! शेजारी लिंबू होतं, हळदकुंकू लावलेला भाकरीचा तुकडा होता. उतारा होता तो! आजाऱ्यावरून ओवाळून गावाबाहेर टाकायचा, आणि टाकणाऱ्यानं बोलायचं नाही, मागं वळायचं नाही, हा तर आजी-पणजीपासूनचा नेम. भाकरी-लिंबू रात्रीतून जनावरं न्यायची, मीठ तेवढं मातीत उरायचं.

तो घरी आला तेव्हा रतन भिमाच्या उशाशी बसली होती. त्याला पाहताच तिनं हात जोडले.

"इचारू नका! सांगितलं की उतारा उलटा फिरतो. माझी पोर जाईल वो!"

"तूच हुतीस तर!"

"नव्या उकरलेल्या मातीत टाकला की बाधा तितंच गाडली जाती म्हनत्यात. आन झाड वाळलं, म्हंजी बाधा झाडानं घेतली," रतन रडत म्हणाली.

रंगूबाई कोपऱ्यातून उठून जवळ आली. "पोरी, माझी दोन लेकरं गेली. त्यांच्यावरनं मी काय कमी मीठ उतरलं? वाचली का? एका मुठीनं झाड मरत न्हाय. पर अख्खं गाव मूठ मूठ टाकायला लागलं, तर वड बी उभा जळंल. मागं वळून कुनी बघत न्हाय, घरात कुनी सांगत न्हाय. जो तो आपलीच मूठ जानतो. झाड मेलं की तुमाला गुन आल्यावानी वाटतं, म्हनून आनखी टाकता. आन सकाळी त्येच झाड त्या गरीब बनाबाईच्या नावावर मांडता!"

"मग कुनी बोलायचं, आत्याबाई?"

"जिचं पोर आजारी हाय तिनं. गाव दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाय."

रतननं पोरीच्या कपाळावर हात ठेवला.

सकाळी पट्ट्यात माणसं जमली. बऱ्याच हातांत धोंडे होते. बनाबाई घागर कवटाळून उभी होती. महिपतीनं आळ्यातली मूठभर पांढरी माती पुढं धरली.

"हाडं न्हाईत ही! मीठ हाय. चाखून बघा!"

"मग त्या बयेनंच टाकलं आसंल!" सर्जेराव गरजला.

महिपतीनं एकेका तोंडाकडे पाहिलं. संध्याकाळी वाकलेली माणसं यांतच होती. सगळ्यांनी नजरा जमिनीत रोवल्या. डोळ्यांदेखत निष्पाप जिवावर धोंडे पडणार होते, आणि खरं ठाऊक असलेलं गावच्या गाव गप्प होतं! संध्याकाळच्या सावल्यांपेक्षा महिपतीला आता जास्त भीती वाटली.

गर्दीतून रतन पुढं आली. कडेवर भिमा होती.

"त्या निंबाच्या आळ्यात माझा उतारा हाय. मीठ मी टाकलंय."

"बये, पोर घालवलीस की गं!" कुणीतरी किंचाळलं. रतननं पोरीला घट्ट धरलं, पण मागं सरली नाही.

मग तानूबाई, सर्जेरावाचीच बायको, पदरात तोंड झाकून म्हणाली, "चिंचंखाली आमचा हाय. ववाळला मी, टाकलाय ह्यांनीच, घोंगडं घिऊन."

सर्जेरावाच्या हातातला धोंडा खाली पडला. मग कुठं एकेकाला कंठ फुटला.

दुसऱ्या दिवशी भिमाचा ताप पाळीनं पुन्हा चढला. सगळी आळी महिपतीच्या दाराकडे डोळे लावून होती. रतनचा धीर सुटत होता. पण रंगूबाईनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि दवाखाना गाठला. क्विनीनच्या कडू पुड्यांनी काही दिवसांत तापाची पाळी चुकली, आणि त्याच दवाखान्यापुढं गावाची रांग लागली.

पट्ट्यातली खारट माती गावानंच उपसून टाकली. नवी रोपं लागल्यावर तानूबाई खण-नारळ घेऊन बनाबाईपुढं उभी राहिली.

"आमी तुला चेटकीन म्हनलो. पोटात घाल, बाई."

बनाबाईनं नारळ घेतला. "चेटकीन म्हनलात त्येचं मला काय वाटत न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "मेल्यांचं भ्या मला कदी वाटलं न्हाय. पर त्या सकाळी तुमा समद्यांस्नी खरं म्हाईत हुतं, आन तुमी गप हुता. त्येचं भ्या अजून वाटतं."

तानूबाईनं वाकून बनाबाईची घागर उचलली आणि ती कालव्याकडे निघाली.

वाचकहो, निरपराध माणसावर आळ येतो तेव्हा खरं जाणणारा जो जो गप्प राहतो, त्याच्या हातातही एक धोंडा असतो. तो वेळीच खाली टाका!