खाडीकाठची विहीर

आमच्याकडं मुलगी द्यायच्या आधी सोयऱ्यांची विहीर बघतात. माझा तर धंदाच शिरूरला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात माझ्या आसमीनला श्रीवर्धनकडच्या इम्रानचं स्थळ आलं, तेव्हा केंदूरच्या माझ्या दोस्ताला, जालिंदरला, घेऊन मी स्वतः गेलो.

ते रान बघूनच मन बिचकलं. आमच्याकडं कोसावरचा माणूस दिसतो. इथं ऐन, किंजळ, फणस यांनी दहा पावलांवरचं घर झाकलेलं. तांबड्या जांभ्याची पायवाट, आणि झाडांमागं कुठंतरी समुद्र वाजत होता, पण दिसत नव्हता. एवढ्या हिरव्यात काय काय लपत असेल, असं वाटत राहिलं.

सकाळी विहिरीच्या सात पायऱ्या उघड्या होत्या. जेवून आलो तर पाचच.

जालिंदर कानाशी लागला. "अयुबभाई, आपुन जेवत व्हतो तवा कुणीतरी पानी ओतलंय."

पण टँकर यायला रस्ताच नव्हता. मी काठावर ठाण मांडलं. दिवस कलेपर्यंत कुणी दोर सोडला नाही, तरी एक पायरी पुन्हा उघडी पडली. मोटार दडवली असेल म्हणून मी जमिनीला कान लावला.

इम्रानच्या आजीनं, खातूनबीनं, ते पाहिलं आणि काय हरवलंय म्हणून विचारलं. मी मनातलं सांगून टाकलं. ती हसली नाही. खाडीला भरती आली की विहीर चढते, ओहोटीला उतरते, म्हणाली.

"मग उन्हाळ्यात खारी होत असेल," मी म्हणालो. घरच्या पुरुषांनी बारमाही गोडं पाणी सांगितलं होतं.

तिनं एकदा घराकडं पाहिलं. "मे महिन्यात पंधरा दिवस मचूळ होते. तेव्हा वरच्या राईतल्या झऱ्यावरून आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेऊन झरा गाठला. खाली येताना दोनदा टेकलो.

"आता तुमालाच नांदायला ठिवत्यात वाटतं," जालिंदर म्हणाला.

मी सगळ्यांसमोर अट घातली. त्या पंधरा दिवसांत पाणी इम्राननं आणायचं. तो काही बोलायच्या आत खातूनबी म्हणाली, "आणेल."

लग्न झालं. तरी पुढच्या मे महिन्यात मी न कळवता गेलो. पायवाटेवर पाचोळा वाजला तसा एका फणसाआड उभा राहिलो. इम्रान खांद्यावर कळशी घेऊन राईतून उतरत होता.