राजाचा उजवा हात

राजाचा हात लागला की गंडमाळ बरी होते, हे वेलब्रिज गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच अ‍ॅव्हिस आपल्या लेकीला, सिबलीला, कडेवर घेऊन चर्चच्या दारातल्या रांगेत उभी होती. पोरीच्या गळ्यावरच्या गाठींतली एक फुटून वाहत होती. ओटची पातळ पेजसुद्धा तिला गिळवत नव्हती. नाहीतर या राजाचं तोंड बघायला अ‍ॅव्हिस कशाला आली असती?

रांगेतून गावाची वेस दिसत होती, आणि वेशीवर तिचा नवरा हॅमो लटकत होता. साऱ्या गावाची छपरं शाकारणारा माणूस, आणि आज त्याच्या डोक्यावर मूठभर गवत नाही! त्यानं केलं काय होतं? डोईपट्टीवर पुन्हा डोईपट्टी बसली, तेव्हा चार लोकांबरोबर तोही कोयता घेऊन माळावर गेला. राजा स्वतः घोड्यावरून आला, उजवा हात आभाळाकडे करून म्हणाला, "घरी जा, सगळ्यांना माफी आहे." बिचारे भाबडे जीव टोप्या उडवत घरी परतले. मग मागून फौज आली. हॅमो तेव्हा शेजारणीच्या छपरावर बसून गवत बांधत होता, त्याला तिथूनच खाली खेचला. राजाचा म्हणे शब्द! बाजारात अंडी विकणाऱ्या बायका याच्यापेक्षा बरा शब्द पाळतात.

"आत एक बोलावं लागतं, बरं का," पुढे उभी असलेली म्हातारी मार्जरी मागे वळून कुजबुजली. तिचा मुलगा हॅमोच्या शेजारीच टांगलेला होता. "ज्यांचं माणूस वेशीवर आहे त्यांनी आधी म्हणायचं, माझा माणूस दगाबाज होता. मगच हात लावतात."

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"राजाच्या त्या कारकुनाच्या. शब्द मोडला म्हणून राजाच्या हाताचा गुण गेला, असं लोक बोलतात ना. म्हणून चाललाय हा तमाशा."

"आणि तू म्हणणार?"

"म्हणेन. जिभेला मेलीला काय होतंय? तूही म्हण गं. आधी पोर वाचव."

अ‍ॅव्हिसच्या अंगाची लाही लाही झाली. तरी पोरीच्या तापलेल्या कपाळाला गाल लावून तिनं ते चार शब्द मनातल्या मनात घोकून घेतले. आत मार्जरी ते बोलली, राजानं तिच्या गळ्यावरच्या गाठींना हात लावला, आणि म्हातारी डोक्यावरच्या फडक्याचं टोक तोंडात कोंबून बाजूला झाली.

जवळून राजा अगदीच पोरसवदा दिसत होता. डोळ्यांना झोप नव्हती, नखं कुरतडून लाल झाली होती. माळावर भाकरी पोचवायला बायकाही गेल्या होत्या, त्यामुळे तो उजवा हात अ‍ॅव्हिसच्या ओळखीचा होता.

"बोल बाई," कारकून खेकसला.

"माझा नवरा..." तिनं पोरीला कडेवर वर सरकवलं. "माझा नवरा छपरं शाकारायचा. दगा त्याला दिला गेला. याच हातानं."

"ओढा हिला बाहेर!"

"थांबा," राजा म्हणाला. तिच्याकडे वाकून तो हलकेच पुटपुटला, "ते मंत्र्यांनी केलं. मला कुणी विचारलंही नाही."

"मग माळावर हात वर कुणी केला होता, महाराज?"

घाईघाईनं राजानं तो हात सिबलीच्या गळ्याला लावला आणि गाठ आत्ताच्या आत्ता विरघळेल अशा आशेनं बघत राहिला. पोर कळवळून किंचाळली. राजा दचकला. आपल्या हाताला गुण आहे की नाही, हे त्यालाच माहीत नव्हतं! आणि यासाठी घरोघरच्या बायकांनी आपली मेलेली माणसं दगाबाज ठरवायची?

अ‍ॅव्हिसनं सगळ्यांदेखत लेकीचा गळा झग्याच्या टोकानं पुसला आणि ती बाहेर पडली.

"आता गं काय करणार?" मार्जरी धापा टाकत मागे आली.

"गळ्याला पाल्याचा लेप लावेन. पण आधी शिडी आणते."

हॅमोची शिडी शेजारणीच्या घराच्या भिंतीला तशीच टेकलेली होती. अ‍ॅव्हिसनं त्याचा कोयता कमरेला खोवला आणि शिडी वेशीला लावली. मार्जरीनं सिबलीला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हातानं शिडी घट्ट पकडली.

"ए बाई, उतर खाली!" पहारेकरी भाला घेऊन धावला. "राजाचा हुकूम आहे!"

"माफीही राजाचीच होती," अ‍ॅव्हिस वरून म्हणाली आणि तिनं दोराला कोयता लावला.