ताई सोडून

स्वप्नालीनं पुण्यातली नोकरी सोडून आपल्या गावी, घाटनांदूरला कंपनी काढली, त्याला नऊ महिने झाले होते. फोन आला की गोठ्यावर जाऊन शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायची, हे काम. तिच्यासकट माणसं चार. "इथं साहेब कुणी नाही, मनात येईल ते तोंडावर बोला," असं ती दर सोमवारच्या बैठकीत सांगायची. आपल्या कंपनीइतकं मोकळं वातावरण अख्ख्या तालुक्यात नसेल, असं तिला मनापासून वाटायचं.

त्या सकाळी अंजना ऑफिसचा जिना चढून आली. मेंढपाळाच्या घरची बाई. तिच्या कळपाला याच कंपनीनं लस दिली होती.

"बाई, नऊ शेळ्या गेल्या माझ्या," ती उभ्यानंच म्हणाली. "डाक्टर म्हनला, आंत्रविषार. तुमी त्याचीच सुई टोचली व्हती ना?"

"शक्यच नाही." स्वप्नाली म्हाळूकडं वळली. "काका, सांगा ना यांना."

लस म्हाळू टोचायचा. पन्नाशी ओलांडलेला, जन्म शेळ्यांत गेलेला माणूस. त्यानं मान खाली घातली. फोनवर बसणारी वैष्णवी मात्र रडायलाच लागली.

"ताई, फ्रीज दोन दिस बंद पडलता. लस गरम झालती. तीच टोचली."

स्वप्नालीनं भेटींची वही पुढं ओढली.

"किती गोठ्यांवर?"

"चौदा."

"आणि हे कुणाकुणाला माहीत होतं?"

गाडी चालवणाऱ्या पप्पूनं आपला मोबाईल तिच्यापुढं धरला. व्हॉट्सॲपवरचा एक ग्रुप होता. नाव होतं, 'ताई सोडून'.

ती वाचत गेली. सात महिन्यांचं सगळं त्यात होतं. बंद पडलेला फ्रीज, सिरसाळ्यात चुकून दोनदा टोचलेला कळप, अंगात ताप असताना वैष्णवीनं कामावर काढलेला आठवडा. आणि जागोजागी एकच वाक्य: ताईला कळू देऊ नका.

"कावून?" पुण्यात गेल्यापासून न वापरलेला शब्द तिच्या तोंडून निघाला. "मला कावून सांगितलं नाही?"

पप्पू म्हणाला, "काका एकदा सुया घरी इसरले व्हते. तुमी बैठकीत सगळ्यांम्होरं उभं केलं त्यांना. माझी चूक झाली म्हनून तीनदा बोलायला लावलं. त्या सांजंलाच ग्रुप झाला, ताई."

तिला ते आठवेचना. शेळ्या मेल्याचं ऐकूनही ती इतकी हादरली नव्हती. एका वयस्कर माणसाला चौघांत खाली बघायला लावलं आणि आपण ते विसरूनही गेलो?

"काका, चुकलं माझं," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या," म्हाळू म्हणाला आणि बाहेर निघून गेला. तो दोन दिवस आला नाही.

अंजनाला नऊ शेळ्या भरून द्यायचं स्वप्नालीनं तिथंच कबूल केलं. उरलेल्या तेरा गोठ्यांवर ती स्वतः गेली, आमची लस खराब होती म्हणाली. दोघांनी दारातूनच हाकललं. बाकीच्यांनी पुन्हा टोचून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हाळू लसीचा डबा घेऊन न बोलता गाडीत बसला. माफ केलं, असं तो कधी म्हणाला नाही.

पुढं पंधरा दिवसांनी पप्पूचा सिरसाळ्याहून फोन आला.

"ताई, माझ्या हातनं डबा पडला. समद्या बाटल्या फुटल्या."

तिच्या कपाळाची शीर तडतडली. 'अक्कल आहे का' हे शब्द जिभेवर आले होते. तिनं ओठ घट्ट मिटले, श्वास घेतला.

"तुला लागलं का कुठं?"

"न्हाई," पप्पू म्हणाला. "ताई... तुमीच बोलताय ना?"