नसलेल्या बोटांचा बूट

सायारानं आपल्या थोरल्या भावाला, मिचिलला, अंगणातल्या ओंडक्यावर घोड्यावर मांड ठोकावी तसं बसवून तास होत आला होता. बाहेर उणे अठ्ठेचाळीस अंश. धुक्यात शेजारचं घरही दिसत नव्हतं. मधूनमधून ती दार किलकिलं करून ओरडायची, "दादा, कुठे थंडी वाजतेय का रे?"

"कुठली थंडी? मला तर उकडतंय!"

सायाराच्या डोक्यात तिडीक गेली. गावातल्या सगळ्यांचे फरचे कोट नि बूट तीच शिवायची. बायका सरळ सांगत, मनगट गारठतं, कमरेत वारा शिरतो. पुरुष मात्र मेले तरी थंडी वाजते म्हणणार नाहीत. आणि कुठे वाजते ते कळल्याशिवाय शिवायचं काय, कपाळ?

मिचिल तर या सगळ्यांचा मुकुटमणी. गेल्या हिवाळ्यात लेना नदीपलीकडे घोडे राखताना त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गोठली नि कापावी लागली. पुन्हा गोठला तर पायच जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हा उद्या सकाळी त्याच कुरणात निघाला होता, दोन महिन्यांसाठी. म्हणून तिनं महिनाभर खपून नवे बूट शिवले होते. डावा बूट उरलेल्या तीन बोटांच्या मापानं चिंचोळा, आत पोकळी राहू नये म्हणून. त्या बुटाचा तिला भारी अभिमान होता, आणि त्याची परीक्षा घ्यायलाच तिनं मिचिलला ओंडक्यावर बसवलं होतं.

तास भरल्यावर तिनं त्याला आत घेऊन चुलीपाशी बसवलं. उजवा बूट सटकन निघाला, पाय ऊबदार होता. डावा काही केल्या निघेना. ओढून ओढून तिला घाम फुटला. निघाला तेव्हा आत एकावर एक तीन लोकरी मोजे, आणि त्यांत आवळलेली तीन बोटं पांढरीफटक.

"मोजे कुणी सांगितले कोंबायला?" तिनं तो पाय सदऱ्याखाली पोटाशी धरला. "घट्ट बुटात पाय गोठतो हे शेंबडं पोरही जाणतं! थंडी वाजते म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?"

"तुझाही बापच तो."

"विषय बदलू नकोस! वाजते की नाही?"

मिचिल चुलीकडे बघत पुटपुटला, "या तिघांना नाही वाजत. त्या दोघांना वाजते."

"कोणत्या दोघांना?"

"कापली ती. रात्रंदिवस गार पडलेली असतात. म्हणून मोजे."

सायाराला स्वतःचाच राग आला. पायाचं माप घेतलं, पण गारठ्याचं घेतलंच नाही.

पायाचा रंग परतल्यावर तिनं बुटाची शिवण उसवली, पाचही बोटं मावतील एवढी पट्टी जोडली आणि रिकाम्या जागी सशाच्या फरची दोन मऊ बोटं शिवून बसवली.

सकाळी मिचिलनं बूट चढवले, अंगणात एक फेरी मारली आणि घोड्याच्या लगामाला हात घातला. सायारानं सवयीनं विचारलं, "वाजते का रे?"

तो थांबला. इकडेतिकडे कुणी ऐकत नाही ना, ते बघून म्हणाला, "थोडी. करंगळीला."

त्या पायाला करंगळी नव्हती. सायारा म्हणाली, "काढ बूट," आणि फरची आणखी एक चिमूट भरायला बसली.