सहांतला मेलेला

मी लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल बोलतोय. बोटाएवढाच आहे, पण ऐकून घ्या. माझं ऐकायला जवळ कुणी उरलेलं नाही.

आम्ही सहा भाऊ. कारखान्यात पत्र्याच्या पट्टीने आम्हाला एकमेकांना डाग देऊन जोडलं, काळ्या खोक्यात घातलं आणि खोकं गोंदाने कायमचं बंद केलं. आतला एखादा आजारी पडला तर त्याला बाहेर काढायचं कसं, हे बनवणाऱ्याला सुचलंच नसेल. किंवा सुचलं असेल आणि तो गप्प बसला असेल.

चार वर्षं आम्ही किसुमू शहरातल्या एका मास्तरांकडे राबलो. मग लॅपटॉप दहा मिनिटांत मान टाकायला लागला. "बॅटरी मेली," मास्तर म्हणाले. मेला होता आमच्यातला एकच, पण सहाही जण पोत्यात गेलो. तिथे मी त्या एकाला रोज शिव्या घातल्या. तो चौथा असणार अशी माझी खात्री होती. तो आधीपासूनच घुमा.

पोतं किबुये बाजारात अपोंडीच्या टेबलावर आलं. ही बाई जुनं सामान फोडून त्यातलं जिवंत तेवढं काढते. तिने आमचं खोकं फोडलं, पट्ट्या सोलल्या, सगळ्यांना चार्ज करून मीटर लावला. सहांचा आकडा सारखाच!

शेजारी चपात्या विकणारी अगोला धावत आली. "झाले ना? घाल माझ्या रेडिओत."

"सात दिवस थांब."

"सात दिवस? सेल आहेत की बाळंतिणी?"

"बाळंतीण फार तर ओरडते. हे पेटतात." अपोंडीने मनगटावरचा भाजल्याचा डाग पुढे केला. "चार्ज केल्या केल्या सगळेच गुणी दिसतात. आठवडाभर नुसते पडू देत, मग कळतं कोण फुटका."

"अगं, सासू आंधळी माझी. रेडिओ बंद पडल्यापासून भिंतीशी बोलते. भिंत बोलेना की मला शिव्या घालते."

"खा आठवडाभर. जळलेल्या सासूपेक्षा बऱ्या."

अगोला पाय आपटत गेली.

आम्ही ट्रेमध्ये वेगवेगळे पडून राहिलो. भावांबरोबर त्या रेडिओत जायचं, एवढंच मला हवं होतं. पण तिसऱ्या दिवसापासून माझ्या आतलं झिरपायला लागलं. मी आवळून धरलं. धरता येईना.

सातव्या दिवशी मीटर आला. पहिले तिघे ठीक. घुमा चौथा, तो तर सगळ्यांत सरस. पाचवाही ठीक. मग मी. आकडा पार खाली. अपोंडीने पुन्हा लावून बघितलं.

"हा बघ. याच्यापायी पाच जण कचऱ्यात गेले."

"दिसतोय तर चांगला," अगोला म्हणाली. "घाल ना यालाही. सहा असले तर जास्त चालेल."

"सासू जड झाली का तुला?"

अपोंडीने माझ्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि मला वाळूच्या डब्यात ठेवलं. धातू वितळवणाऱ्यांची गाडी येईल, तेव्हा तिच्यातून जायचं.

माझं मरण मला मान्य आहे. सेल मरतातच. पण माझ्याबरोबर पाच जिवंत पुरले होते, त्याचं काय? तुमच्या घरात कुणी यंत्रं बनवायला शिकत असेल तर त्याला बजावून सांगा: गोंदाऐवजी चार स्क्रू लाव बाबा. मेलेल्याला एकट्याला जाऊ दे.

शेजारी चपात्यांपाशी अगोलाची म्हातारी सासू रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी तावातावाने भांडतेय. तो आवाज माझे भाऊ चालवतात. गाडी येईपर्यंत मी ऐकतो.